बसवलेलं रीडिंग

त्या दिवशी बेगमबीची मशीनची पाळी नव्हती, म्हणून घरात सकाळपासून जरा हसणं-बोलणं होतं. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे. घरात कुणी डायलिसिस म्हणत नसे, 'मशीन' म्हणत. मशीनच्या दिवशी ती गप्प असे, दुसऱ्या दिवशी नुसती पडून राही, आणि तिसऱ्या दिवशी जो तोंडाचा पट्टा सुरू होई तो पुढच्या मशीनपर्यंत थांबत नसे. आज तो तिसरा दिवस होता.

"उमैमा, ओढणी नीट पिन कर. मोठ्या मॅडमसमोर जायचंय, का अब्बाच्या दुकानात बांगड्या भरायला?"

"दादी, लॅब आहे ती. तिथं ओढणी कोण बघतंय?"

"बघतात गे. माणूस पहिलं तेच बघतंय."

नांदेडच्या इतवारा मोहल्ल्यात बेगमबीच्या लेकाचं, जहांगीरचं बांगड्यांचं दुकान, आजोबांपासूनचं. घरात दखनी, दुकानात मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. धाकटी सुमय्या लहान असतानाच त्याची बायको गेली. दोन्ही पोरींना बेगमबीनं वाढवलं. थोरली उमैमा नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली होती, तीही फर्स्ट क्लासमध्ये. लातूरच्या एका खासगी प्रयोगशाळेनं, जिथं पाणी तपासतात, तिला नोकरीसाठी बोलावलं होतं. जहांगीरनं तिला एकच सांगितलं होतं. नोकरी लागली तर बिलोलीच्या स्थळाला दोन वर्षं थांबा म्हणून कळवतो. नाही लागली तर मात्र होकार. पोरीनंही मान डोलावली होती, कारण तिला आपल्या मार्कांवर भरवसा होता.

लातूरला आणखी एक काम होतं. सुमय्या दहावी झाली होती आणि तिलाही अकरावीला गुरुबसप्पा सरांच्या क्लासला घालायचं होतं. उमैमा त्याच क्लासला होती. डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात हुकला, पण सरांनी पोरीला जीव लावला होता. रोजे असले की संध्याकाळच्या बॅचमध्ये तिच्या बाकावर आठवणीनं खजूर ठेवायला सांगणारा माणूस. बेगमबी त्यांना विसरली नव्हती. ईदच्या नानखटाईचा एक डबा तिनं खास सरांसाठी बाजूला काढला होता.

"हा सरांच्या हातात दे, जहांगीर. बोल, अम्मीनं दिलंय."

सहाच्या एसटीत बाप-लेकी बसले. लोहा गेलं तशी सुमय्यानं तोंड उघडलं. ही पोर जरा चोंबडीच. "बाजी, त्या लॅबमध्ये तू करणार काय?"

"पाण्याचा कठीणपणा काढायचा. टोटल हार्डनेस."

"म्हणजे पाणी कडक असतं?"

"अगं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार..." उमैमानं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मार्काची व्याख्या होती, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"हौ, पण बघितल्यावर कळतं कसं? तू बघितलंस?"

उमैमा खिडकीबाहेर बघायला लागली. "असतं ते तसं. तू झोप आता."

जहांगीर हसला. लेकीला व्याख्या येते, आणखी काय पाहिजे, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. आपल्या सगळ्यांनाच तसं वाटतं.

*

प्रयोगशाळा उज्वला मॅडमची होती. मॅडम चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला सरळ, भूकंपात गेलेल्या एका गावच्या. दोन वर्षांपूर्वी लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून टँकरवाले, जारवाले, दवाखाने, सगळ्यांना पाणी तपासून हवं होतं. काम मावत नव्हतं, माणसं मिळत नव्हती. सायन्सचे पदवीधर लातूर-नांदेडला रस्त्यारस्त्यावर आहेत, आणि तरी या बाईला एक माणूस मिळत नव्हता. का, ते आता बघा.

आठ जणांना बोलावलं होतं. मॅडमनी कुणाची मार्कशीट बघितली नाही. सगळ्यांना एका लांब ओट्यापाशी उभं केलं. प्रत्येकासमोर एक बाटली, तिच्यावर लिहिलेलं: 'बोअरचं पाणी, कठीण.' शेजारी एक फ्लास्क आणि तोटी लावलेली उभी काचेची नळी, जिला ब्युरेट म्हणतात.

"कठीणपणा काढा. तीन रीडिंग घ्या. घाई न्हाई," मॅडम म्हणाल्या आणि बाजूच्या खोलीत गेल्या.

प्रयोग साधा आहे. पाणी कठीण असलं की त्यात रंगाचा थेंब टाकल्यावर ते द्राक्षाच्या दारूसारखं लालसर होतं. मग ब्युरेटमधून औषध थेंब थेंब सोडायचं. लाल जाऊन निळा आला की तोटी बंद, आणि किती औषध लागलं ते वाचायचं. त्या आकड्याला रीडिंग म्हणतात. जितकं औषध जास्त, तितकं पाणी कठीण.

उमैमानं फ्लास्कमध्ये पाणी घेतलं. रंगाचा थेंब टाकला. आणि पाणी एकदम निळं झालं. ब्युरेटची तोटी अजून उघडलीसुद्धा नव्हती.

तिनं बाटलीवरचं 'कठीण' पुन्हा वाचलं. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा निळं. तिनं चोरून शेजारी बघितलं. शेजारी बजरंग नावाचा पोरगा होता, भोकरकडचा. त्याचंही निळं. पलीकडच्या मुलीचंही निळं. आठच्या आठ फ्लास्क निळे, आणि आठच्या आठ तोंडं बंद.

मग बजरंगनं ओठ न हलवता पुटपुटलं, "बारा पॉइंट चार." ते ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. 'बारा पॉइंट चार', 'बारा पॉइंट चार'. बी.एस्सी.च्या जर्नलात या प्रयोगाचा आकडा साधारण तितकाच असतो. उमैमालाही आठवलं. तिनं औषध सोडून दिलं, बाराच्या पुढं आणून ठेवलं, आणि लिहिलं: १२.४, १२.४, १२.५. शेवटचं मुद्दाम जरा वेगळं, कारण तिन्ही तंतोतंत सारखे आले की परीक्षकाला संशय येतो. हे तिला कुणी शिकवलं होतं? कॉलेजनं. आणि एवढी एकच गोष्ट तिला प्रयोगाच्या तासाला नीट शिकवली गेली होती.

ज्यांची पोरं सायन्सला नाहीत त्यांना हे प्रकरण सांगायला हवं. प्रयोगाच्या परीक्षेत पोरांनी मोजायचं असतं आणि जे येईल ते लिहायचं असतं. आपल्याकडे काय यायला हवं ते आधी सांगतात, आणि मग पोरं ते लिहितात. पोरं याला 'रीडिंग बसवणं' म्हणतात. उघड उघड म्हणतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. बारावीला उमैमा ज्या कॉलेजच्या पटावर होती, तिथं ती फक्त परीक्षेला गेली. क्लासचं आणि कॉलेजचं जमलेलं होतं. हजेरी तिकडं लागायची, पोरं इकडं बसायची. परीक्षेच्या दिवशी लॅबच्या कुलपाला तेल घालावं लागलं, तेव्हा ते उघडलं. फळ्यावर आकडे लिहिले गेले, ते तिनं उतरवून काढले, आणि तिला तीसपैकी तीस मार्क पडले. बेगमबीनं मोहल्ल्यात साखर वाटली होती.

उज्वला मॅडम परत आल्या. एकेकाचा कागद उचलत गेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. होती ती निराशा, आणि तीही जुनी.

"छान. आठ जणांचं पाणी सारखंच कठीण निघालं," त्या म्हणाल्या. "बाटल्यांत काय होतं, ठाऊक हाय का? डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या बॅटरीत घालतात ते. त्यात कठीणपणा शून्य असतो. रंग टाकल्या टाकल्या निळं झालं असंल न्हाई का?"

आठही माना खाली गेल्या.

"झालं होतं का न्हाई?"

"झालं होतं मॅडम," बजरंग म्हणाला. मग त्यानं जरा मान वर केली. "पण मॅडम, ही फसवणूक झाली. बाटलीवर तुम्हीच 'कठीण' लिहिलं होतं."

"बाटलीवर लोक काय बी लिहितात, बाळा. म्हणून तर लॅब लागती."

बजरंगनं पुन्हा मान खाली घातली.

"तुम्हाला वाटत असंल, या बाईला फार हुशार पोरं पाहिजेत," मॅडम म्हणाल्या. "नको मला हुशार. मशीन चालवायला मी दोन आठवड्यांत शिकवते. फॉर्म्युला विसरलात तर भिंतीवर लावलेला हाय. मला असं माणूस पाहिजे जे म्हणंल, मॅडम, हे असं व्हायला नको होतं, हे असं का झालं? तेवढं एक वाक्य. तीन वर्षं सायन्स शिकलेल्या माणसाकडून मी तेवढं एक वाक्य मागते. ज्या ज्या मालकांशी बोलते, ते सगळे हेच म्हणतात. बियाण्याच्या कंपनीवाले म्हणतात, तेलाच्या मिलवाले म्हणतात. पदवीधर येतोय, आकडा बसवून देतोय आणि जातोय."

मग त्या उमैमाच्या कागदापाशी थांबल्या. "ही तपासणी आम्ही कुणासाठी करतो जास्त करून? डायलिसिसवाल्या दवाखान्यांसाठी. पाणी कठीण राहिलं तर पेशंटला मशीनवरच उलट्या सुरू होतात, बीपी चढतं. आता समजा त्या दिवशी पाणी खरंच कठीण हाय, आणि तू लिहिलंस, यायला पाहिजे होतं तेवढंच आलं. मग?"

उमैमाला दादीचा हात दिसला, सुया टोचून टोचून काळानिळा पडलेला. दर खेपेला ती खुर्चीच्या शेजारी बसून तो हात धरत असे. त्या मशीनमधलं पाणी कुणीतरी तपासलं असेल, कुणीतरी कागदावर आकडा लिहिला असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. आता तिला वाटलं की तो कागद आपल्यासारख्याच कुणीतरी लिहिलेला असणार.

"मी नववीत होते तेव्हा आमचं गाव गेलं," मॅडम जरा हळू म्हणाल्या. "त्याच्या आधी कितीतरी दिवस जमीन आतून गुरगुरायची. फळीवरची भांडी वाजायची. माझी आई येईल त्याला विचारायची, हे काय हाय? प्रत्येकाकडं उत्तर तयार. काय होत न्हाई, बाई. एकानं पण म्हणलं न्हाई की, मला ठाऊक न्हाई, बघावं लागंल. त्या पहाटे आई गेली. कुणी सांगितलं असतं तर वाचली असती असं मी म्हणत न्हाई, भूकंप सांगून येत न्हाई. पण तयार उत्तराची मला तेव्हापासून चीड हाय." त्यांनी आठही कागद एकावर एक ठेवले. "या तुम्ही. चहा घेऊन जा."

चहा कुणी घेतला नाही.

*

बाहेर जहांगीर आणि सुमय्या झाडाखाली उभे होते.

"कसा झाला?" जहांगीरनं विचारलं.

"चांगला झाला, अब्बा."

वाचकहो, हेही बसवलेलंच. बापाला जे यायला हवं होतं ते तिनं दिलं. सवय एकदा लागली की ती प्रयोगशाळेपुरती थोडीच राहते? जहांगीर खूश झाला, दोघींना त्यानं उसाचा रस पाजला, आणि तिघं सरांच्या क्लासकडे निघाले. रसाचा ग्लास उमैमाच्या हातात तसाच राहिला होता, तो सुमय्यानं संपवला.

क्लासची आता चार मजली इमारत झाली होती. समोर भलामोठा बॅनर, त्यावर पोरांचे फोटो टपालाच्या तिकिटाएवढे. खालच्या हॉलमध्ये पालकांची सभा होती. बसायला जागा नाही. मुरुडचे, निलंग्याचे, देगलूरचे लोक आले होते. बाया पोरींना घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. सभा झाली की त्याच दिवशी प्रवेश.

गुरुबसप्पा सर स्टेजवर होते. केस पांढरे झालेले, आवाज तोच, खणखणीत. जहांगीरनं आदल्या दिवशीच फोनवर त्यांना इंटरव्ह्यूचं सांगितलं होतं. गर्दीतून त्यांनी उमैमाला ओळखलं आणि त्यांचा चेहरा खराखुरा फुलला.

"अरे, उमैमा! ये बेटा, वर ये. या जहांगीरभाई, पुढं बसा." मग माइकमध्ये म्हणाले, "ही आपली पोरगी बघा. बांगड्यावाल्याची लेक. केमिस्ट्रीत प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस! आज बी.एस्सी. होऊन इथल्या लॅबमध्ये नोकरीला आली हाय. पाया पक्का असला की असं होतंय. सांग बेटा, सगळ्यांना सांग, कसा झाला इंटरव्ह्यू?"

माइक तिच्या हातात आला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बाप बसला होता, मांडीवर नानखटाईचा डबा, मान ताठ. त्याच्या बाजूला सुमय्या. बाजी आता काय बोलते म्हणून डोळे मोठे करून बघत होती.

उमैमाला एक जुनी गोष्ट आठवली. याच क्लासमध्ये अकरावीला तिनं एकदा हात वर केला होता. "सर, रंग बदलतो तो का बदलतो?" सर हसले होते, मायेनंच. "बेटा, का ते नको विचारू. कुठल्या ऑप्शनला टिक मारायचं ते विचार." सगळा वर्ग हसला होता, मागच्या बाकावरून शिट्ट्या आल्या होत्या. त्यानंतर तिनं कुठंच हात वर केला नाही.

"इंटरव्ह्यू..." ती म्हणाली, आणि तिनं माइक दोन्ही हातांनी धरला. "इंटरव्ह्यूत मी नापास झाले."

टाळ्या थांबल्या.

"बाटलीत साधं पाणी होतं. मला दिसत होतं, रंग आधीच निळा आहे. तरी मी आकडा लिहिला. म्हणजे... खोटा. आम्ही आठही जणांनी लिहिला. आम्हाला तेवढंच येतं." तिनं सरांकडं बघितलं. "सर, ते तीसपैकी तीस माझे नव्हते. फळ्यावर होते ते. मी लॅब तेव्हा पहिल्यांदा बघितली, परीक्षेच्या दिवशी. तुमचा राग नाही मला, सर. तुम्ही लई केलं माझ्यासाठी. पण माझी दादी मशीनवर बसते. तिचं पाणी माझ्यासारखीनं तपासलं तर..." तिनं सुमय्याकडं बघितलं. "माझ्या बहिणीला असे तीस मार्क नको, सर."

सरांनी माइक हळूच काढून घेतला. "पोरगी दमली हाय. नांदेडहून उन्हातान्हात आली." ते हसले, पण हसण्यात जीव नव्हता. हॉलमध्ये कुजबुज उठली. आता लोक उठणार, जाब विचारणार, असं उमैमाला वाटलं. तुम्हालाही वाटत असेल.

एक जण उठलाही. मुरुडचा दगडोबा म्हणून होता, शेजारी त्याची लेक गौरम्मा. घसा खाकरून म्हणाला, "सर, पोरगी म्हणली ते कळलं. माझं विचारणं एवढंच हाय, प्रॅक्टिकलचे तीस मार्क पोरीला मिळतेत ना? आजून तशीच सोय हाय का बदलली?"

मागून आणखी दोघं-तिघं म्हणाले, "हाव सर, ते एकदा क्लियर सांगा."

हॉलमध्ये पंखे फिरत होते. सरांनी एकदा उमैमाकडं बघितलं. तीस वर्षं शिकवलेला माणूस, पोरीच्या रोज्याची आठवण ठेवणारा माणूस. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"सोय हाय," ते म्हणाले. "त्याची काळजी करू नका." आणि त्यानंतर त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही.

सभा संपली आणि वरच्या मजल्यावर प्रवेशाची रांग लागली. ती रोजच्यापेक्षा लांब होती म्हणतात. खरं ऐकून लोक निघून जातील असं आपल्याला वाटतं ना? लोकांनी खरं ऐकलं, सोय आहे याची खात्री करून घेतली, आणि रांगेत उभे राहिले. त्यांच्यात मास्तर होते, कंपाउंडर होते, पेपर रोज वाचणारे होते. या मजकुराचे वाचकही असतील.

जहांगीरही उभा होता रांगेत. मान खाली. पाय त्याला घेऊन गेले होते, कारण सगळे तिकडंच चालले होते. पुढं सरकत सरकत खिडकी जवळ आली.

"अब्बा," सुमय्या म्हणाली, "ही चार मजली बिल्डिंग आहे. ह्यात लॅब कितव्या मजल्यावर आहे?"

पुढचा माणूस वळून हसला. "इथं कुठली लॅब, बाई? लॅब कॉलेजला असती."

"मग आम्ही कॉलेजला जाणार?"

"न्हाई. कॉलेजला जायची गरजच न्हाई, तीच तर सोय हाय."

जहांगीरनं लेकीकडं बघितलं. मग थोरलीकडं, जी दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. त्याला आठवलं की सकाळी एसटीत ही व्याख्या म्हणत होती आणि धाकटीनं विचारलं होतं, तू बघितलंस? तेव्हा आपण हसलो होतो. त्याला स्वतःचीच शरम वाटली. "नक्को," तो दखनीत म्हणाला, आणि रांगेतून बाहेर आला. मागच्यानं लगेच त्याची जागा घेतली.

जिन्यात सरांनी त्यांना गाठलं. धाप लागली होती. "जहांगीरभाई, थांबा. मी एकट्यानं बंद केलं ना, तर ही पोरं उद्या समोरच्या क्लासला जातील. मला काय हौस हाय का?"

"जातील सर," जहांगीर म्हणाला. "मी पण तेच केलं की. सगळे आणतात म्हणून मी पोरीला आणली." मग हातातला डबा त्यानं पुढं केला. "अम्मीनं दिलंय तुमच्यासाठी. ईदचं आहे. तुम्ही रोज्यात पोरीला खजूर द्यायचे, ते अम्मी भुलली नाही."

सर डबा घेईनात. जहांगीरनं तो त्यांच्या हातात ठेवला आणि तिघं खाली उतरले. सर तिथंच जिन्यात, दोन्ही हातांत डबा धरून, किती तरी वेळ उभे होते. वर खिडकीवरून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं.

*

रस्त्यावर आल्यावर जहांगीर म्हणाला, "मला 'चांगला झाला' का बोललीस?"

"तुम्हाला तेच ऐकायचं होतं, अब्बा."

थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "बिलोलीवाल्यांना मी कळवतो, थांबा म्हणून. नोकरीचं राहू दे." पुन्हा थोडं चालून म्हणाला, "हिला नांदेडलाच घालू. जिथल्या लॅबचं कुलूप रोज उघडतं, तिथं. मी स्वतः जाऊन बघतो."

उमैमा थांबली. "अब्बा, परतीच्या गाडीला वेळ आहे ना? मला परत तिथं जायचंय."

उज्वला मॅडम निघायच्या तयारीत होत्या. दारात बाप-लेकींना बघून त्यांनी पर्स टेबलावर ठेवली.

"मॅडम, नोकरी मागायला आले नाही," उमैमा म्हणाली. "मला ते एकदा खरं करून बघायचंय."

मॅडमनी तिच्याकडं नीट बघितलं. मग कपाटातून एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. "कर," त्या म्हणाल्या.

उमैमानं रंगाचा थेंब टाकला. या वेळी पाणी लाल झालं. सुमय्या ओट्याला नाक लावून उभी. "या अल्ला, लाल झालं!" थेंब, थेंब, थेंब. एकदम निळं. तिनं लिहिलं. पुन्हा केलं, लिहिलं. पुन्हा केलं. एकदा तोटी जास्त उघडली गेली. तिन्ही आकडे समोर ठेवून ती त्यांच्याकडं बघत राहिली. आकडे एकमेकांपासून लांब होते. एकही जर्नलातल्यासारखा नव्हता. पेन हातात होतं, आणि मधला आकडा जरा खाली-वर केला की काम होणार होतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी रीडिंगं जुळत नाहीत."

"मग?"

"मला वाटतं दुसऱ्या वेळी माझा हात चुकला. पण खात्री नाही. कदाचित पाण्यातच काही असेल. परत करून बघू का?"

उज्वला मॅडम पहिल्यांदा खुर्ची ओढून बसल्या. "आधी लिही," त्या म्हणाल्या. "जुळत न्हाईत म्हणून लिही. मग परत कर."

ती लिहीत असताना जहांगीरचा फोन वाजला. नांदेडहून बेगमबी होती. आवाज एवढा मोठा की खोलीभर ऐकू आला. "हौ, जहांगीर? झालं का पोरीचं? नोकरी लगी क्या? शेजारची विचारून राहिली, मी तर सांगून टाकलं लगी म्हणून!"

जहांगीरनं फोन उमैमापुढं धरला. तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"दादी," उमैमा म्हणाली, "शेजारणीला तसं नको सांगू. मला अजून ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणजे? सकाळपासून गेलीस आणि ठाऊक नाही?"

"नाही दादी, खरंच ठाऊक नाही. बघून सांगते."

आणि तिनं फोन बापाकडं दिला, फ्लास्क धुतला, आणि चौथ्यांदा पाणी घेतलं.